ड्रायव्हरला मेन नसतं: लिनक्सचे डिव्हाइस ड्रायव्हर लिहायला शिकताना

सी भाषा शिकलेल्या माणसाला एक सवय लागलेली असते, कोणताही प्रोग्राम उघडला की आधी मेन फंक्शन कुठंय ते शोधायचं आणि तिथून वाचत सुटायचं. लिनक्स कर्नलमधला (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे एखादं यंत्र चालवणारा कोड, पहिल्यांदा उघडला की नेमकी हीच सवय आडवी येते, कारण त्यात मेन नसतंच. दहा-बारा फंक्शनं सुटी सुटी पडलेली, त्यांची नावं भरलेलं एक स्ट्रक्चर, आणि सगळ्यात खाली एखाद-दोन ओळी, बस. मग प्रश्न पडतो की अरे हे चालतं कुठून? मला स्वतःला हे कळायला बरेच दिवस लागले आणि आता नवीन मुलामुलींना शिकवताना मी सुरुवात इथूनच करते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप जागच्या जागी पडत जातं.

ड्रायव्हर आपण होऊन चालत नाही, त्याला बोलावतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे एक वही असते बघा, त्यात प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गॅसवाला सगळ्यांचे नंबर लिहिलेले असतात. प्लंबर दिवसभर सोसायटीत येऊन बसत नाही, कोणाचा नळ गळला की वॉचमन वही उघडतो आणि त्याला फोन लावतो. कर्नल म्हणजे तो वॉचमन आणि ड्रायव्हर म्हणजे वहीत नंबर देऊन गेलेला माणूस. लिनक्समध्ये बरीच डिव्हाइस फाइलसारखी दिसतात, म्हणून ‘कोणी ही फाइल उघडली तर हे फंक्शन बोलवा, वाचायला मागितलं तर हे, लिहायला आलं तर हे, आणि डिव्हाइसने स्वतः हाक मारली तर हे’, असं ड्रायव्हर कर्नलला सांगून ठेवतो. ते जे नावांनी भरलेलं स्ट्रक्चर दिसतं ना, ते म्हणजे वहीतलं पान. आणि आता यातली खरी महत्त्वाची गोष्ट, प्लंबर गाव सोडून गेला आणि वहीतला नंबर तसाच राहिला तर? सोसायटीत फार तर फोन लागणार नाही. कर्नलमध्ये मात्र मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारा कोडचा तुकडा, आपला ड्रायव्हर असाच आत जातो) काढून टाकलं आणि नोंद तशीच राहिली, तर कर्नल जिथे आता काहीच नाही अशा पत्त्यावर उडी मारतो आणि मशीन कोसळतं. येताना नाव नोंदवायचं, जाताना नाव खोडायचं. माझ्या मते ड्रायव्हर लिहिण्याचं निम्मं काम हे जाण्याचंच काम आहे, आणि शिकवताना नेमकं तेच शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं जातं.

आता एवढी भीती कशाला? साध्या प्रोग्राममध्ये चुकीचा पॉइंटर वापरला की सेगमेंटेशन फॉल्ट येतो, तो प्रोग्राम मरतो, बाकी मशीन मजेत चालू असतं. कर्नलच्या आत ती भिंत नाही. तुमचा ड्रायव्हर, फाइल सिस्टिम, नेटवर्क, सगळे एकाच मेमरीत राहतात, एकाच घरात भिंतींशिवाय राहिल्यासारखे. तुम्ही चुकून शेजारच्याच्या जागेत चार बाइट लिहिलेत तर तो शेजारी अर्ध्या तासाने वेगळ्याच कारणाने पडेल आणि तुम्हाला पत्ता पण लागणार नाही की चूक तुमची होती. शिवाय नेहमीची लायब्ररी नाही, प्रिंट-एफ नाही त्याऐवजी प्रिंट-के, मॅलॉक नाही त्याऐवजी के-मॅलॉक, दशांश अपूर्णांकांची गणितं जवळपास वर्ज्य, आणि स्टॅक अगदी छोटा, आपल्या नेहमीच्या ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर १६ केबी. म्हणजे फंक्शनच्या आत सहज म्हणून मोठा अ‍ॅरे जाहीर करायची सवय असेल तर ती सोडावी लागते.

म्हणून पहिला नियम, शिकताना आपल्या रोजच्या लॅपटॉपवर काही लोड करायचं नाही. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेलं दुसरं मशीन, घ्या, त्यात लिनक्स टाका, तिथे खुशाल कोसळू द्या. असं मशीन बनवणारा क्यूएमू नावाचा फुकट आणि ओपन सोर्स एम्युलेटर आहे, मी तोच वापरायला सांगते, आणि का ते पुढे येईलच. आणखी एक व्यावहारिक कारण म्हणजे बऱ्याच नव्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट (फक्त सही केलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असतं आणि सही नसलेलं मॉड्यूल कर्नल दारातूनच परत पाठवतो, मग माणूस दोन दिवस आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो आणि कोडमध्ये चूक नसतेच.

पहिलं मॉड्यूल सगळे लिहितात तेच लिहा, आत येताना एक ओळ छापायची, जाताना एक ओळ छापायची. दोन फंक्शनं, एक सुरुवातीचं एक शेवटचं, आणि लायसन्सची एक ओळ. ही लायसन्सची ओळ उगाच नाहीये, कर्नल जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे आणि तुम्ही मॉड्यूलचं लायसन्स जीपीएलशी जुळणारं नाही असं सांगितलंत तर कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ (डागाळलेला) असा शिक्का मारून घेतो आणि आतली बरीच फंक्शनं तुम्हाला वापरायलाच देत नाही. मॉड्यूल बिल्ड करायला तुमच्या चालू कर्नलचेच हेडर लागतात, दुसऱ्या आवृत्तीचे घेतले तर लोड करताना ‘इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असा निरोप मिळतो. इन्समॉडने आत टाका, एलएसमॉडने बघा आहे का, आरएममॉडने काढा, आणि छापलेल्या ओळी डीमेसेज कमांडने वाचा. एका दुपारचं काम आहे, इथे फार रेंगाळू नका.

खरी मजा सुरू होते कॅरेक्टर डिव्हाइसपासून. टर्मिनलमध्ये डेव्ह फोल्डरची यादी काढली की ओळीच्या सुरुवातीला कुठे सी हे अक्षर दिसतं कुठे बी. सी म्हणजे कॅरेक्टर, बाइट ओळीने येत-जात राहतात असं डिव्हाइस, टर्मिनल, सिरियल पोर्ट वगैरे. बी म्हणजे ब्लॉक, डिस्कसारखं, ठोकळ्या-ठोकळ्याने वाचायचं. नेटवर्क कार्ड या यादीत सापडणारच नाही, त्यांचा संसार वेगळा आहे. फाइलच्या आकाराच्या जागी दोन आकडे दिसतात, मेजर आणि मायनर, मेजरवरून कर्नलला कळतं कोणाला फोन लावायचा आणि मायनरवरून त्या ड्रायव्हरला कळतं की आपल्या कुठल्या डिव्हाइसबद्दल बोलणं चाललंय. डेव्ह-नल घ्या, त्याचा मेजर १ आणि मायनर ३. डेव्ह-झिरोचा १ आणि ५.

आणि हो, वाचायचा पहिला खरा ड्रायव्हर म्हणून मी डेव्ह-नलच सांगेन. कर्नलच्या सोर्समध्ये ड्रायव्हर्स फोल्डर, त्यात कॅर, त्यात मेम-डॉट-सी. नलचं वाचायचं फंक्शन काय करतं? शून्य परत देतं, संपलं. लिहायचं फंक्शन काय करतं? ‘तुम्ही जेवढे बाइट दिलेत तेवढे सगळे घेतले’ असं म्हणून तोच आकडा परत देतं आणि काहीच करत नाही. आपण आयुष्यभर नको असलेला आउटपुट ज्यात ढकलत आलो ते हे एवढंच आहे, एकेक ओळीची दोन फंक्शनं. पण त्या दोन ओळींत ड्रायव्हरचा सगळा करार लपलाय, वाचताना शून्य म्हणजे ‘आता काही उरलं नाही’, शून्यापेक्षा मोठा आकडा म्हणजे ‘एवढे बाइट दिले’, आणि ऋण आकडा म्हणजे चूक, उणे १४ म्हणजे मेमरीचा पत्ता चुकीचा, उणे १२ म्हणजे मेमरी संपली, उणे २२ म्हणजे मागणीच चुकीची.

हा करार मी कसा शिकले ते सांगते. माझा पहिला कॅरेक्टर ड्रायव्हर एवढंच करायचा की कोणी वाचलं की ‘नमस्कार’ द्यायचं. बोटं मोजून मी लांबी ८ लिहिली, अक्षरांचे सात तुकडे आणि नवीन ओळीचा एक. लोड केलं, कॅट कमांडने फाइल वाचली, आणि स्क्रीनवर ‘नम’ आणि एक प्रश्नचिन्हाचा चौकोन, परत ‘नम’ आणि चौकोन, परत ‘नम’, असं टर्मिनल धावतच सुटलं, कंट्रोल-सी दाबेपर्यंत थांबेना. एकाच फंक्शनमध्ये दोन चुका होत्या आणि दोन्हींमधून मी जे शिकले ते आजपर्यंत पुरलंय. पहिली चूक, कर्नलला अक्षर वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त बाइट कळतात. ‘नमस्कार’ मध्ये न, म, स, हलन्त, क, काना, र असे सात तुकडे, आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये देवनागरीचा एकेक तुकडा ३ बाइटचा, म्हणजे झाले २१, वर नवीन ओळीचा १, एकूण २२. मी दिले ८, म्हणजे न चे तीन, म चे तीन आणि स चे फक्त दोन, अर्धवट स म्हणजेच तो चौकोन. इंग्रजीत हॅलो लिहिलं असतं तर ही चूक कधी दिसलीच नसती, म्हणून मी आता सगळ्यांना सांगते की पहिल्या ड्रायव्हरमधून मराठीच पाठवा. दुसरी चूक, मी दर वेळी ८ परत देत होते, शून्य कधी देतच नव्हते. कॅट बिचारा काय करतो, शून्य मिळेपर्यंत परत परत मागत राहतो, त्याला वाटतं अजून आहे. कर्नल प्रत्येक वाचनाबरोबर ‘आतापर्यंत कुठवर वाचून झालंय’ याचा एक आकडा हातात देतो, तो आपण पुढे सरकवायचा असतो, पहिल्या फेरीत २२ द्यायचे आणि आकडा २२ वर न्यायचा, दुसऱ्या फेरीत बघायचं की २२ वर आलोय म्हणजे संपलं, आणि शून्य द्यायचं. लिहिण्यातही तसंच आहे, तिथे चुकून शून्य परत दिलंत तर बरेच प्रोग्राम तेच बाइट पुन्हा पुन्हा पाठवत बसतात.

इथेच आणखी एक गोष्ट लागते, कॉपी-टू-यूजर आणि तिची जोडीदार कॉपी-फ्रॉम-यूजर. प्रोग्रामने दिलेला पॉइंटर ड्रायव्हरने थेट वापरायचा नाही, कधीच नाही. का? एक तर तो पत्ता खोटा असू शकतो, मुद्दाम दिलेला असू शकतो, कोणी प्रोग्राममधून कर्नलच्याच मेमरीचा पत्ता दिला आणि तुम्ही डोळे झाकून तिथे लिहिलंत तर मशीनची चावी त्याच्या हातात गेली. दुसरं म्हणजे पत्ता खरा असला तरी ते पान (म्हणजे मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा) त्या क्षणी मेमरीत असेलच असं नाही. ही दोन फंक्शनं सगळं तपासून मगच कॉपी करतात. आणि यांचा परतीचा आकडा उलटा आहे बरं का, किती बाइट कॉपी झाले ते येत नाही, किती राहिले ते येतं. शून्य आलं म्हणजे सगळं नीट झालं. इथे पहिल्या महिन्यात सगळेच अडखळतात.

आता हार्डवेअर. लोकांना वाटतं हार्डवेअरचा ड्रायव्हर शिकायला महागडं बोर्ड हवं, तर तसं अजिबात नाही. क्यूएमूमध्ये एडू नावाचं एक खोटं पीसीआय कार्ड (मदरबोर्डच्या खाचेत बसतं तसं) आहे. झेक देशातल्या मसारिक विद्यापीठात लिनक्स कर्नल शिकवताना विद्यार्थ्यांना ड्रायव्हर लिहायला काहीतरी हवं म्हणून ते बनलं, आणि क्यूएमू सुरू करताना ‘डिव्हाइस एडू’ एवढं लिहिलं की तुमच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ते कार्ड खोचलेलं दिसतं. करतं काय? संख्या दिली की तिचा फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार, काढून देतं. काम बाळबोध आहे पण खऱ्या कार्डात जे जे असतं ते सगळं त्यात आहे, रजिस्टर, इंटरप्ट (डिव्हाइसने मारलेली हाक), डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीशी देवाणघेवाण), आणि वर्णन दोन-तीन पानांत संपतं. मला माहीत असलेल्यांत शिकण्यासाठी याच्याइतकं चांगलं डिव्हाइस दुसरं नाही.

रजिस्टर म्हणजे काय ते एडूवर छान समजतं. कार्ड आपला १ एमबीचा पत्त्यांचा पट्टा मशीनला दाखवतं आणि त्या पट्ट्यातल्या ठरावीक पत्त्यांना ठरावीक अर्थ असतो. पत्ता ४ वर ‘जिवंत आहेस का’ हे विचारायचं रजिस्टर आहे. तिथे ५ लिहा आणि लगेच तोच पत्ता वाचा. ५ येत नाही, ४,२९,४९,६७,२९० येतं, कारण कार्ड सगळे ३२ बिट उलटे करून देतं. इथे माणूस थबकतो आणि थबकायलाच हवं. दिसायला मेमरीसारखं आहे पण ही मेमरी नव्हे, पलीकडे कोणीतरी बसलंय. ठेवलेलं परत मिळेल याची खात्री नाही, काही चिप्समध्ये तर नुसतं वाचल्याने आतली नोंद पुसली जाते. म्हणूनच इथे साधा पॉइंटर वापरायचा नसतो, कारण कंपायलर हुशारी करतो, ‘आत्ताच तर ५ लिहिले मग परत कशाला वाचायचं’ म्हणून वाचनच गाळून टाकू शकतो. कर्नलने यासाठी आय-ओ-रीड आणि आय-ओ-राइट अशी वेगळी फंक्शनं दिलीत, ती निमूटपणे वापरायची.

फॅक्टोरियलचं रजिस्टर पत्ता ८ वर. तिथे ५ लिहिलं की हिशोब सुरू होतो आणि संपला की तिथेच १२० वाचायला मिळतात. १२ पर्यंत द्या, ४७,९०,०१,६०० येईल, १३ चं उत्तर ३२ बिटांत मावत नाही. पण हिशोब संपला हे कळणार कसं? दोन मार्ग. एक, पत्ता ३२ वरच्या स्टेटस रजिस्टरचा सगळ्यात खालचा बिट परत परत वाचत बसायचा, १ आहे तोवर काम चालू आहे. याला पोलिंग म्हणतात, म्हणजे दूध उतू जाईल म्हणून पातेल्यासमोर उभं राहणं, तेवढा वेळ दुसरं काही होत नाही. दुसरा मार्ग कुकरचा, लावून ठेवा, दुसरी कामं करा, शिट्टी झाली की या. त्याच स्टेटस रजिस्टरमध्ये १२८ चा बिट चढवून ठेवला की हिशोब संपल्यावर कार्ड इंटरप्ट टाकतं आणि तुम्ही वहीत नोंदवलेलं फंक्शन कर्नल बोलावतो.

त्या फंक्शनमध्ये दोनच कामं, पत्ता ३६ वरून कारण वाचायचं, आणि तेच पत्ता १०० वर लिहून कार्डला सांगायचं की ‘ऐकलं’. हे ‘ऐकलं’ सांगायचं विसरलात तर शिट्टी थांबतच नाही. फंक्शन संपतं, इंटरप्ट अजून उभाच असतो, परत फंक्शन, परत इंटरप्ट, आणि व्हर्च्युअल मशीन गोठल्यासारखं होतं, टाइप केलेलं अक्षरही उमटत नाही. एकदा हे मुद्दाम करून बघा असं मी आवर्जून सांगते, एक ओळ कमेंट करायची, लोड करायचं आणि बघायचं. नंतर कधी खऱ्या बोर्डवर तसं गोठलेलं मशीन दिसलं की कुठे बघायचं ते हाताला माहीत असतं.

इंटरप्टच्या फंक्शनमध्ये झोपायला बंदी आहे, हा नियम सगळे पाठ करतात पण का ते थोडे विचारतात. झोपणं म्हणजे ‘मी थांबतो, दुसऱ्या कोणाला चालू दे, मला नंतर उठवा’ असं म्हणणं. प्रोसेसला हे म्हणता येतं कारण कोणी कधी चालायचं ते ठरवणाऱ्या शेड्युलरच्या यादीत तिचं नाव असतं. इंटरप्टला नाव नसतं, तो कोणाचं तरी चालू काम मध्येच थांबवून त्याच्या जागेवर घुसलेला असतो, मग उठवणार कोणाला? म्हणून तिथे के-मॅलॉकला जी-एफ-पी-कर्नल हा फ्लॅग द्यायचा नाही, तो मेमरी मिळेपर्यंत झोपू शकतो, जी-एफ-पी-अ‍ॅटॉमिक द्यायचा, मिळाली तर मिळाली नाहीतर नाही. लॉकमध्येही म्युटेक्स घ्यायचा नाही, तो वाट बघताना झोपतो, स्पिनलॉक घ्यायचा, तो जागाच राहून वाट बघतो. आणि मोठं काम असेल तर ते तिथे करायचंच नाही, शिट्टी झाली की फक्त गॅस बंद करायचा, भात मोकळा करणं नंतर, त्यासाठी वर्कक्यू किंवा थ्रेडेड इंटरप्ट आहेत.

लॉक कशाला हवेत तेही एडूवरच दिसतं. एका प्रोग्रामने ५ दिले, हिशोब झाला, पण त्याने उत्तर उचलायच्या आत दुसऱ्या प्रोग्रामने ६ दिले. पहिल्याच्या हातात ७२० पडतात, आणि त्याला कळणार पण नाही की हे आपलं उत्तर नव्हे. म्हणून लिहिण्यापासून वाचण्यापर्यंतचा सगळा तुकडा म्युटेक्सच्या आत. टेस्ट करताना ही चूक हजारात एकदा दिसते आणि ग्राहकाकडे पहिल्याच दिवशी दिसते, म्हणून शिकत असतानाच कर्नल डीबगचे पर्याय चालू करून बिल्ड करा, लॉकडेप आणि केसॅन हे दोन तर हवेतच. पहिला लॉकच्या क्रमातली चूक प्रत्यक्ष अडकायच्या आधीच ओरडून सांगतो, दुसरा चुकीच्या मेमरीला हात लावला की जागेवर पकडतो. मशीन हळू होतं, होऊ दे.

आता कार्ड आणि ड्रायव्हर एकमेकांना सापडतात कसे? ड्रायव्हर एक यादी देतो की मी अमुक कंपनीचं अमुक डिव्हाइस सांभाळतो. एडूसाठी कंपनी १२३४ आणि डिव्हाइस ११ई८. स्वस्तातल्या अर्डुइनो बोर्डांवर सीएच ३४० नावाची यूएसबी-सिरियल चिप असते, ते बोर्ड जोडून एलएसयूएसबी कमांड दिली की १ए८६ आणि ७५२३ असे आकडे दिसतात, हेच आकडे कर्नलमधल्या सीएच ३४१ नावाच्या ड्रायव्हरच्या यादीत लिहिलेले आहेत, म्हणून बोर्ड लावल्यावर तो ड्रायव्हर आपोआप आत येतो. जुळलं की कर्नल प्रोब फंक्शन बोलावतो, डिव्हाइस गेलं की रिमूव्ह किंवा डिस्कनेक्ट. रास्पबेरी पाय सारख्या एआरएम बोर्डवर आयस्क्वेअरसी नावाच्या साध्या जोडणीच्या वायरला जोडलेली चिप स्वतःहून नाव सांगत नाही, तिथे डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलमध्ये आपण लिहून द्यायचं की या वायरवर या पत्त्यावर ही चिप आहे.

प्रोबमध्ये पाच-सहा गोष्टी एकामागून एक मागाव्या लागतात, कार्ड चालू कर, पट्टा ताब्यात दे, मेमरी दे, इंटरप्ट दे, फाइल बनव. चौथी मिळाली नाही तर आधीच्या तीन परत करायच्या, आणि उलट्या क्रमाने. गणपतीचा मांडव घालताना आधी बांबू, मग कापड, मग लायटिंग, आणि उतरवताना आधी लायटिंग, मग कापड, मग बांबू, बांबू आधी काढले तर सगळं अंगावर. यासाठी कर्नलमध्ये सर्रास गोटू वापरतात. कॉलेजात गोटू लिहिलं की मार्क कापतात, त्यामुळे मुलं बिचकतात, पण इथे फंक्शनच्या शेवटी उलट्या क्रमाने लावलेली लेबलं आणि जिथे फसलं तिथून योग्य लेबलवर उडी, यापेक्षा स्वच्छ पद्धत सीमध्ये मला तरी दिसलेली नाही. नंतर डेव्हएम नावाने सुरू होणारी फंक्शनं आली, त्यांनी घेतलेल्या गोष्टी डिव्हाइस गेल्यावर कर्नल स्वतःच उलट्या क्रमाने परत करतो. ती जरूर वापरा, पण आधी दोन ड्रायव्हर हाताने लिहून झाल्यावर.

एडू झालं की मग एखादी खरी चिप. मी डीएस ३२३१ हे घड्याळ सुचवते, सहज मिळतं, स्वस्त आहे, रास्पबेरी पायच्या ३.३ व्होल्टवर चालतं. रजिस्टर शून्यमध्ये सेकंद असतात. ४५ सेकंद झालेले असताना वाचा, ६९ येतील. चिप खराब नाही, ती दशक आणि एकक चार-चार बिटांत वेगळे लिहिते, म्हणजे ४ गुणिले १६ अधिक ५. डेटाशीटमध्ये हे एका छोट्या तक्त्यात दिलेलं असतं आणि ते नीट न वाचता पुढे गेलं की घड्याळ ९ नंतर थेट १६ वर उडी मारताना दिसतं. डेटाशीट वाचणं ही खरी कमाई आहे, सीपेक्षा जास्त वेळ मी त्यातच घालवते. या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून आहे, आरटीसी फोल्डरमध्ये डीएस १३०७ च्या फाइलमध्येच तोही सांभाळलाय. आधी आपला लिहा, चालवा, आणि मगच तो उघडून शेजारी शेजारी ठेवून वाचा. तुम्ही न केलेली प्रत्येक तपासणी तिथे दिसेल आणि प्रत्येक वेळी विचारायचं की ही का केली असेल.

एक अडचण मात्र सगळ्यांनाच येते, नेटवर मिळालेला नमुना कोड बिल्डच होत नाही. चूक तुमची नसते. कर्नल बाहेरच्या प्रोग्रामना दिलेला शब्द मोडत नाही, पण आतल्या आत फंक्शनं बदलत राहतात आणि कोणी माफी मागत नाही. क्लास-क्रिएट हे फंक्शन घ्या, वर्षानुवर्षं ते दोन गोष्टी मागायचं, २०२३ मध्ये आलेल्या ६.४ आवृत्तीपासून एकच मागतं, आणि त्याच्या आधीचे सगळे धडे त्या एका ओळीवर अडतात. उपाय सोपा आहे, त्याच आवृत्तीच्या कर्नल सोर्समध्ये ग्रेप करून (ग्रेप कमांडने शब्द शोधून) बघायचं की बाकीचे ड्रायव्हर ते कसं वापरतात. आणि आपला ड्रायव्हर कर्नलमध्येच दाखल करावा असं लोक जे सांगतात त्याचं मोठं कारणही हेच, आत असलेल्या ड्रायव्हरचं असं दुरुस्तीचं काम फंक्शन बदलणारा माणूसच करून टाकतो, बाहेर असलेल्याचं ज्याचं त्याने करायचं.

२५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने पहिल्यांदा लोकांना सांगितलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, तेव्हा त्यात असंही लिहिलं होतं की यात एटी (तेव्हाच्या पीसीचा एक प्रकार) हार्ड डिस्कशिवाय दुसरं काही बहुतेक कधी चालणार नाही कारण माझ्याकडे तेवढंच आहे. आज कर्नलच्या सोर्सच्या ओळी तीन कोटींच्या वर आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये. ज्याच्याकडे जे यंत्र होतं त्याने त्याचा ड्रायव्हर लिहून पाठवला, असं करत करत हे झालंय आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. २०२२ च्या डिसेंबरातल्या ६.१ पासून रस्ट भाषेलाही दार उघडलंय, पण शिकताना आधी सीच, कारण वाचायचं सगळं साहित्य सीमध्ये आहे.

कर्नलसाठी आपला कोड पाठवायला सुरुवात करायची तर ड्रायव्हर्समध्ये स्टेजिंग नावाचं फोल्डर आहे, तिथे अजून पक्के न झालेले ड्रायव्हर ठेवतात आणि काय काय दुरुस्त करायचंय त्याची टूडू फाइल बहुतेकांबरोबर असते. नुसती स्पेलिंग सुधारणारा पहिला पॅच (म्हणजे कोडमधल्या बदलाचा मजकूर) पाठवायला हरकत नाही, पद्धत कळते, पण दुसरा पॅच तरी काही फसल्यावर कोड ज्या वाटेने जातो तिथला असावा, म्हणजे कोणीतरी मेमरी मागितली, पुढचं काही फसलं आणि मेमरी परतच केली नाही, अशा जागा शोधा. बदल केल्यावर लिहिण्याची शिस्त तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा, इंडेंट टॅबनेच आणि टॅब आठ जागांचा. मग गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगेल कोणाला पाठवायचा ते. खाली आपली साइन्ड-ऑफ-बाय ओळ, म्हणजे हा कोड द्यायचा मला अधिकार आहे असं लिहून देणं, आणि साध्या टेक्स्टमध्ये गिट-सेंड-ईमेलने रवाना.

उत्तर दुसऱ्या दिवशी येईल किंवा दोन आठवड्यांनी, आणि बहुतेक वेळा त्यात दोन-चार ओळींवर प्रश्न असतील, ‘इथे लॉक का घेतला नाही’, ‘हे डिव्हाइस काढल्यावर कोण परत करणार’. रागावलेत असं वाटतं, पण ज्याला पुढची दहा वर्षं तो कोड सांभाळायचाय तो माणूस एवढं विचारणारच. प्रत्येक प्रश्नाला त्याच ओळीखाली उत्तर द्यायचं, कोड सुधारायचा, परत लोड करायचा, फाइल उघडी ठेवून डिव्हाइस ओढून काढून बघायचं, आणि ईमेलच्या विषयात व्ही-२ (दुसरी आवृत्ती) लिहून परत पाठवायचा. पहिल्यापेक्षा काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहायचं, म्हणजे ते वाचणाऱ्याला दिसतं आणि कर्नलच्या इतिहासात मात्र जात नाही.